ऑपरेशननंतरचा ताप आणि 'कल्चर निगेटिव्ह': जंतू सापडला नाही म्हणजे तो नाहीच का?

कृष्णाकाठ (धागाकर्ती)

नमस्कार. बरीच वर्षं इथे नुसती वाचत आले. आज पहिल्यांदा धागा काढतेय, तोही काळजीपोटी.

बाबा ६४ वर्षांचे आहेत. वीस महिन्यांपूर्वी पुण्यात त्यांच्या हृदयाची महाधमनीची झडप बदलली, टिशू व्हॉल्व्ह (प्राण्याच्या ऊतीची झडप) बसवला. ऑपरेशन छान झालं. सहा महिन्यांत ते पुन्हा शेतावर जायला लागले. पण गेल्या दिवाळीपासून रोज संध्याकाळी अंग मोडून येतं, ताप ९९.८ ते १००.४ च्या आसपास घुटमळतो. सात किलो वजन गेलंय आणि जिना चढताना धाप लागते.

गावातल्या डॉक्टरांनी आधी पाच दिवस इंजेक्शनं दिली. ताप उतरला आणि आठ दिवसांनी परत आला. मग तालुक्याच्या लॅबमध्ये ब्लड कल्चर (रक्त बाटलीत ठेवून जंतू वाढतात का ते पाहणं) केलं, निगेटिव्ह. मोठ्या हॉस्पिटलात परत केलं, तेव्हा एका बाटलीत 'त्वचेवरचा जंतू' आला. तो धरायचा नाही, कंटॅमिनेशन आहे, म्हणजे बाहेरून मिसळलाय म्हणाले. तिसऱ्यांदा केलेलं पुन्हा निगेटिव्ह. छातीवरून केलेल्या इकोत (हृदयाच्या सोनोग्राफीत) झडप ठीक दिसते. आता टीबीची औषधं 'देऊन बघू' असं चाललंय.

तीनदा रक्तात काही सापडलं नाही, तर जंतुसंसर्ग नाहीच असं धरायचं का? कोणाच्या घरी असं झालं असेल तर कृपया लिहा.

मंदार_ज

बाबांना लवकर बरं वाटू दे. जाणकारांची वाट बघतो.

निवृत्त_लॅबवाला

ताई, चौतीस वर्षं सूक्ष्मजीवशास्त्राच्या लॅबमध्ये काढली आहेत, त्यामुळे थोडं सविस्तर लिहितो. निदान डॉक्टरांनी करायचं. मी फक्त बाटलीबद्दल बोलतो.

'निगेटिव्ह' या शब्दाचा खरा अर्थ एवढाच: आम्ही जितकं रक्त घेतलं, ज्या बाटलीत घातलं आणि जितके दिवस ठेवलं, तेवढ्यात काही वाढलं नाही. मशीन बाटलीतला कार्बन डायऑक्साइड मोजत असतं. जंतू वाढले, वायू सोडला, की ते खूण करतं. बहुतेक ठिकाणी पाच दिवसांनी बाटली बाहेर काढतात आणि 'फायनल' रिपोर्ट जातो.

आता रक्त किती? मोठ्या माणसाच्या रक्तात संसर्ग असतानाही कित्येकदा एका मिलीलीटरमध्ये एखादाच जंतू असतो, कधी तोही नसतो. म्हणून एका बाटलीत ८ ते १० मिली रक्त लागतं, आणि झडपेवर संशय असेल तर वेगवेगळ्या जागी सुई टोचून तीन सेट. एका सेटमध्ये हवा लागणाऱ्या जंतूंची एक आणि हवा नको असणाऱ्यांची एक, अशा दोन बाटल्या. आपल्याकडे खर्च वाचवायला एकच बाटली, तीही ३ मिली भरून येते. मी अशा बाटल्या रोज पाहिल्या आहेत आणि रोज मन खट्टू झालं आहे. नुसत्या एका सेटवर थांबलं तर साधारण चारातला एक संसर्ग हातून निसटतो.

दुसरं म्हणजे तुम्ही सांगितलेली ती पाच दिवसांची इंजेक्शनं. कल्चर कोरं येण्याचं सगळ्यात मोठं कारण हेच.

एक काम करा. दुसऱ्या वेळी जो 'त्वचेवरचा जंतू' आला त्याचं नाव, कोणत्या बाटलीत आणि कितव्या दिवशी, हे फाइलमधून शोधून इथे लिहा.

ठाणेकर_मावशी

कृष्णाकाठ, माझं पित्ताशयाचं दुर्बिणीतून ऑपरेशन झालं होतं. पाच आठवड्यांनी बेंबीजवळच्या टाक्यावर गाठ आली आणि फुटली. पू तपासला, 'स्टराइल'. अँटिबायोटिक बदलत राहिले, जखम भरायची आणि परत उघडायची. अडीच महिन्यांनी एका तरुण डॉक्टरने पू वेगळ्या पद्धतीने रंगवून पाहायला सांगितला, तेव्हा टीबीच्या जातकुळीतला पण टीबी नसलेला जंतू सापडला. पाण्यात राहणारा. पुढे काही महिने औषधं घेतली, आता खडखडीत बरी आहे.

अनघा_लीड्स

मावशी, हे भारतात खूप लिहिलं गेलेलं प्रकरण आहे. दुर्बिणीची काही उपकरणं उष्णतेने निर्जंतुक करता येत नाहीत म्हणून रसायनात बुडवतात आणि नंतर नळाच्या पाण्याने धुतली तर हे जंतू चिकटून येतात. अ‍ॅब्सेसस, फॉर्ट्युइटम, किलोनी ही त्यांची नावं. नेहमीची अँटिबायोटिक्स त्यांना लागू पडत नाहीत. पण हा जखमेतला संसर्ग झाला. धागाकर्तीच्या वडिलांचा प्रश्न रक्तातला आहे.

आल्प्सकर

रक्तातलाच आणि झडपेचाच एक किस्सा मी सांगतो. मी हार्ट-लंग मशीन (ऑपरेशन चालू असताना हृदय-फुप्फुसांचं काम करणारं यंत्र) चालवतो, गेली बारा वर्षं स्वित्झर्लंडमध्ये.

झ्युरिकला दोन रुग्णांना उघड्या हृदयाच्या ऑपरेशननंतर बऱ्याच काळाने मायकोबॅक्टेरियम किमेरा या जंतूचा संसर्ग झाल्याचं लक्षात आलं. ही जात वेगळी म्हणून ओळखली गेली तीच २००४ साली. दोन रुग्ण, दोन वेगवेगळी वर्षं, जंतू एक. तिथल्या लोकांनी पिच्छा पुरवला आणि शेवटी सापडलं काय, तर रक्त थंड-गरम ठेवणाऱ्या यंत्राची पाण्याची टाकी! ते पाणी रुग्णाच्या रक्ताला शिवतही नाही, बंद नळ्यांतून फिरतं. पण टाकीतून सूक्ष्म तुषार सुटत होते आणि यंत्राचा पंखा ते ऑपरेशनच्या टेबलाकडे ढकलत होता. २०१६ साली अमेरिकेतही सरकारी इशारा निघाला. पुढे जनुकांचा क्रम लावून पाहिला तेव्हा वेगवेगळ्या देशांतले बहुतेक नमुने एकाच कुळातले निघाले, म्हणजे यंत्रं जिथे तयार होत होती तिथूनच जंतू आला असावा. जगभरात शंभराहून जास्त रुग्ण झाले आणि त्यातले जवळपास निम्मे वाचले नाहीत.

निदान इतकं उशिरा का? कारण ऑपरेशन आणि ताप यांत सरासरी दीड वर्ष जातं, कधी पाच-सहा वर्षंही. तोवर कोणाला ऑपरेशन आठवत नाही. थकवा, रात्रीचा घाम, वजन कमी, प्लीहा मोठी, रक्तपेशी कमी. काहींना सारकॉइडोसिस (जंतूंशिवाय होणारा, टीबीसारखा दिसणारा आजार) समजून स्टिरॉइड दिली गेली. नेहमीची बाटली पाच दिवसांत कोरीच येणार. मायकोबॅक्टेरियासाठीची वेगळी बाटली मागावी लागते आणि ती सहा ते आठ आठवडे ठेवावी लागते.

आमच्याकडे आता ती यंत्रं शस्त्रक्रियागृहाच्या बाहेर ठेवतात. रोज त्या बंद दाराकडे बघताना मला ते पहिले दोन रुग्ण आठवतात.

दहीभात

बाप रे. आल्प्सकर, हे वाचून रात्री झोप लागायची नाही.

तर्कटराव

स्पष्ट लिहितो, राग मानू नका. अशा धाग्यांनी माणसं जास्त घाबरतात. स्वित्झर्लंडमधलं दुर्मिळ प्रकरण वाचून उद्या दहा जण डॉक्टरांच्या टेबलावर प्रिंटआउट आपटतील. डॉक्टर टीबी म्हणतात तर आपल्या देशात टीबी आहेच की. घेऊ द्या औषधं.

सूक्ष्मदर्शिका

तर्कटराव, तुमचा मुद्दा अर्धा पटतो. मी संसर्गजन्य आजारांची डॉक्टर आहे आणि मंचावरून निदान करता येत नाही हे मी पहिल्यांदा सांगेन.

पण टीबीची औषधं 'देऊन बघू' याला माझा ठाम विरोध आहे. टीबीचा पुरावा असेल तर जरूर द्यावीत. पुरावा नसताना कृत्रिम झडप असलेल्या माणसाला दिली तर त्यातलं रिफाम्पिसिन इतर कितीतरी जंतूंनाही अर्धवट मारतं. ताप थोडा उतरतो, सगळ्यांना वाटतं टीबीच होता. तिकडे झडपेवर आजार वाढत राहतो आणि नंतरची कल्चर आणखी कोरी येतात. हे मी पाहिलं आहे. तीन महिन्यांनी झडप सुटत आली तेव्हा रुग्ण आमच्याकडे पोचला.

कृष्णाकाठ, तीन गोष्टी डॉक्टरांना नम्रपणे विचारा. अन्ननलिकेतून इको करता येईल का? कृत्रिम झडपेसाठी छातीवरून केलेला इको पुरेसा नसतो. प्रकृती स्थिर असेल तर अँटिबायोटिक काही दिवस थांबवून पुन्हा तीन सेट घेता येतील का? आणि बाटल्या पाच दिवसांऐवजी चौदा दिवस ठेवा असं लॅबला लिहून देता येईल का?

गोठ्यातला_डॉक्टर

मी जनावरांचा डॉक्टर, सांगली भागातला. ताई, बाबा शेतावर जातात म्हणालात. घरी म्हशी-शेळ्या आहेत का? कोणती गाभण म्हैस गाभडली होती का? तिचा जार कोणी हाताने काढला होता का? कच्चं दूध?

ब्रुसेला जंतू असाच महिनोन् महिने संध्याकाळचा ताप देतो आणि झडपेवरही बसतो. कल्चरमध्ये सावकाश वाढतो, म्हणून रक्तातल्या प्रतिपिंडांची तपासणी करतात. क्यू फीवरचा कॉक्सिएला तर नेहमीच्या बाटलीत वाढतच नाही, कारण तो पेशीच्या आत राहणारा. त्याचंही निदान प्रतिपिंडांवरूनच. माणसांच्या डॉक्टरांना कोणी गोठ्याबद्दल सांगत नाही, हे माझं जुनं दुखणं आहे. एकदा माझ्याच मदतनीसाला दोन महिने ताप होता. सात ठिकाणी दाखवलं आणि एकाही ठिकाणी त्याने आपण काय काम करतो ते सांगितलं नव्हतं, कोणी विचारलंही नव्हतं.

निवृत्त_लॅबवाला

गोठ्यातले डॉक्टर, लाख बोललात. आणि ब्रुसेलाचा संशय असेल तर लॅबला आधी कळवाच. उघड्या टेबलावर जंतू वाढवायची प्लेट हाताळून लॅबमधली माणसं आजारी पडतात. माझा एक सहकारी असाच तीन आठवडे अंथरुणावर होता.

दहीभात

एक बाळबोध प्रश्न. जंतू 'उगवत' का नाहीत? आईने विचारलं, "त्यांना आवडेल असं काहीतरी खायला घाला की!"

निवृत्त_लॅबवाला

तुमच्या आईंनी बरोबर बोट ठेवलं आहे, अगदी तेच करतात!

एक अनुभव सांगतो. मशीनने खूण केली, थेंब काचेवर रंगवून पाहिला तर साखळीतले गोल जंतू स्पष्ट दिसले. प्लेटवर पसरले, दुसऱ्या दिवशी प्लेट कोरी. पुन्हा पसरले, पुन्हा कोरी. आमच्या मॅडमनी त्याच प्लेटवर स्टॅफिलोकॉकस या दुसऱ्या जंतूची एक रेघ ओढायला लावली. दुसऱ्या दिवशी त्या रेघेच्या दोन्ही बाजूंना दवबिंदूंसारख्या बारीक वसाहती! या जंतूंना बी-६ जीवनसत्त्वाचं एक रूप बाहेरून लागतं. बाटलीत ते रुग्णाच्या रक्तातून मिळत होतं, प्लेटवर शेजारचा स्टॅफिलोकॉकस पुरवत होता. अ‍ॅबिओट्रोफिया आणि ग्रॅन्युलिकाटेला अशी नावं आहेत, आणि हे झडपेवर बसण्यात पटाईत. ती प्लेट मी आजही डोळ्यांपुढे आणू शकतो.

अनघा_लीड्स

आणि ती प्लेट कशाची? अगारची, म्हणजे आपल्या घरातला चायना ग्रास. १८८१-८२ च्या सुमाराला जंतुशास्त्रज्ञ रॉबर्ट कॉखच्या प्रयोगशाळेत वॉल्टर हेसे काम करत होते. जिलेटिन उन्हाळ्यात वितळायचं, जंतू ते खाऊनही टाकायचे. त्यांची पत्नी फॅनी स्वयंपाकात अगार वापरायची, तिने ते सुचवलं. आजही जगभर जंतू त्याच्यावरच वाढवतात.

ठाणेकर_मावशी

अय्या, म्हणजे माझ्या पूवरचं निदान चायना ग्रासवर झालं! आता फालुदा करताना फॅनीबाईंना नमस्कार करीन.

तर्कटराव

हे मात्र मला माहीत नव्हतं. छान माहिती. धागा भरकटतोय पण भरकटू दे.

कृष्णाकाठ

सगळ्यांचे खूप आभार. दोन दिवस फाइल शोधण्यात गेले, आईने ती देवघराच्या कपाटात ठेवली होती.

गोठ्यातले डॉक्टर, घरी दोन म्हशी आहेत पण दूध उकळूनच घेतो आणि कोणती गाभडलेली नाही. तरी ब्रुसेला आणि क्यू फीवर दोन्ही तपासण्या केल्या, निगेटिव्ह आल्या.

लॅबवाले काका, दुसऱ्या कल्चरचा रिपोर्ट असा: दोन सेटपैकी एका सेटची, हवाविरहित बाटली, पाचव्या दिवशी संध्याकाळी. 'कुटिबॅक्टेरियम अ‍ॅक्नेस. बहुधा कंटॅमिनंट. क्लिनिकल संदर्भ पाहावा.'

निवृत्त_लॅबवाला

ताई, हा कागद जपून ठेवा आणि उद्याच डॉक्टरांना दाखवा.

हा मुरुमांचा जंतू. याचं जुनं आडनाव प्रोपिओनिबॅक्टेरियम. केसांच्या मुळाशी, तेलग्रंथींत खोल राहतो, वरून कितीही स्पिरिट लावा, सगळा निघत नाही. म्हणून शंभर बाटल्यांत दिसला तर बहुतेक वेळा सुईबरोबर आलेलाच असतो, आणि लॅबने लिहिलं ते नियमाला धरूनच लिहिलं. पण कृत्रिम झडप, पुरुष रुग्ण, ऑपरेशननंतर महिन्यांनी किंवा वर्षांनी सुरू झालेला मंद आजार, हा याचा नेहमीचा नकाशा आहे. आणि हा सावकाश वाढतो, कित्येकदा सहाव्या-सातव्या दिवसानंतर. तुमचा पाचव्या दिवशी संध्याकाळी आला. आणखी थोडा उशीर झाला असता तर बाटली कचऱ्यात गेली असती. दुसऱ्या सेटची बाटली कदाचित गेलीही असेल.

'क्लिनिकल संदर्भ पाहावा' हे आम्ही लिहितो तेव्हा आमच्याकडे संदर्भच नसतो. फॉर्मवर 'ताप' एवढंच लिहिलेलं असतं. झडप बदलली आहे हे लिहिलं असतं तर मी तरी फोन उचलला असता.

सूक्ष्मदर्शिका

काकांशी पूर्ण सहमत. एक भर घालते. झडपेच्या संसर्गाचे ड्यूक निकष २०२३ मध्ये सुधारले. हृदयात कृत्रिम वस्तू असेल तर कुटिबॅक्टेरियम अ‍ॅक्नेस आता त्यात 'ठरावीक' जंतूंमध्ये धरला जातो, आल्प्सकरांचा किमेराही. अट एवढी की तो वेगवेगळ्या दोन किंवा जास्त सेटमध्ये सापडायला हवा. तुमच्याकडे एकच आहे, म्हणजे संशयाला जागा आहे, शिक्कामोर्तब नाही. म्हणूनच पुन्हा तीन सेट, हवाविरहित बाटल्यांसकट, चौदा दिवस. आणि तोवर टीबीची औषधं सुरू होऊ देऊ नका, म्हणजे डॉक्टरांशी तसं बोला.

तर्कटराव

ताई, माझा वरचा प्रतिसाद मी मागे घेतो. रिपोर्टची ती ओळ डॉक्टरांना जरूर दाखवा. प्रिंटआउट आपटा, माझी परवानगी आहे.

कृष्णाकाठ

अठरा दिवसांनी येतेय.

डॉक्टरांनी शांतपणे ऐकलं. आम्ही भीत होतो तसं काही झालं नाही, उलट कागद दोनदा वाचला आणि स्वतः लॅबला फोन केला. अन्ननलिकेतून इको केला, त्यात झडपेच्या कडेला गळती आणि गळूसारखी पोकळी दिसली. अँटिबायोटिक थांबवून तीन सेट घेतले. सातव्या दिवशी एक बाटली, आठव्या दिवशी दुसऱ्या सेटची. दोन्हींत कुटिबॅक्टेरियम अ‍ॅक्नेस.

औषध शिरेतून सुरू झालंय, पण पोकळी असल्यामुळे झडप पुन्हा बदलावी लागणार. परवा ऑपरेशन आहे. काढलेल्या झडपेचं नेमकं काय करायला सांगू?

निवृत्त_लॅबवाला

हे आजच सर्जनच्या टीमला सांगा. झडपेचे दोन भाग करा. एक फॉर्मलिनमध्ये (ऊती टिकवणाऱ्या रसायनात), पॅथॉलॉजीकडे. दुसरा फॉर्मलिनशिवाय, निर्जंतुक डबीत, थोडं निर्जंतुक सलाइन, आणि तासाभरात लॅबमध्ये. फॉर्मलिनमध्ये पडलेल्या तुकड्यातून काहीही वाढत नाही आणि जनुकाची तपासणीही बिघडते. अख्खी झडप फॉर्मलिनमध्ये टाकलेली मी किती वेळा पाहिली ते मोजलेलं नाही.

सूक्ष्मदर्शिका

आणि कल्चरच्या तुकड्याबरोबर १६-एस जनुकाची तपासणीही मागा. जंतू वाढो न वाढो, त्याचं जनुक वाचून नाव कळतं. कोणतं औषध लागू पडेल ते त्यातून कळत नाही, ते कल्चरच सांगतं, म्हणून दोन्ही. हा जंतू बहुधा पेनिसिलिन गटाला दबतो. हवाविरहित जंतू म्हटलं की सगळ्यांना मेट्रोनिडाझोल आठवतं, ते याला लागू पडत नाही.

अनघा_लीड्स

कृष्णाकाठ, परवा दिवसभर तुमची आठवण असेल. झालं की एक ओळ लिहा.

कृष्णाकाठ

बाबा आयसीयूतून वॉर्डात आले. आज चहा मागितला आणि साखर कमी आहे म्हणाले.

दोन डब्या मीच ऑपरेशन थिएटरच्या दारात सिस्टरना पुन्हा सांगितल्या. त्या म्हणाल्या, "सरांनी आधीच लिहून ठेवलंय." झडपेच्या तुकड्यातला जंतू नवव्या दिवशी वाढला, तोच. १६-एसचा रिपोर्टही तोच. औषध आता ऑपरेशनच्या दिवसापासून नव्याने मोजून सहा आठवडे. ताप पंधरा दिवसांत आलेला नाही.

लॅबवाले काका, तुम्ही त्या दिवशी नाव, बाटली आणि दिवस विचारला नसता तर तो कागद देवघराच्या कपाटातच राहिला असता.

निवृत्त_लॅबवाला

बाबांना माझा नमस्कार सांगा. आणि लॅबमधल्या मुलांनाही कळवा की रुग्ण बरा होतोय. आम्हाला हे कधी कोणी सांगत नाही. त्या नवव्या दिवसाच्या प्लेटचा फोटो मिळाला तर इथे टाका, बघायला आवडेल.